रिवस न घेणारी गाडी

आमची धाकटी जाऊ सुलक्षणा पिकअप चालवती असं सांगितलं की लोकं माझ्याकडं बघत्यात, जशी काय म्याच तिला बिघडवली. आता गं बया, मला साधी सायकल येत न्हाई, म्या तिला काय बिघडवणार? पण एका अंगणात राहायचं म्हटलं की एकीचं बोलणं दुसरीच्या बी पदरात पडतंच.

आमचं गाव हिर्डोशी. भोरवरनं वरंधा घाटाकडं निघालं की धरणाच्या कडंकडंनं रस्ता येतो, त्या रस्त्याला. सुलक्षणाचा नवरा गोरख, म्हंजे माझा धाकटा दीर, आधी वेल्ह्याकडं तोरण्याच्या पायथ्याला एका पुणेवाल्याच्या फार्महाऊसवर कामाला होता. मालक बाहेरदेशी गेला, तवा तिथली जुनी पिकअप गोरखनं घेतली. पुढं केबिन, मागं हौदा. दिसायला दांडगी, पण गाडी निराळीच. तिला क्लच न्हाई. पायाखाली दोनच, ब्रेक आन् रेस. गेर आपले आपण पडत्यात. दांडी एक घर ओढली की गाडी मागं, अजून ओढली की पुढं, झालं. वाडीतल्या ड्रायव्हर लोकांनी लई टर उडवली. बायकांची गाडी म्हणायचे. गोरख बी हसत हसत सुलक्षणाला म्हणला, "बस तू, तुला बी जमंल. हिच्यात डोस्कं लागत न्हाई."

त्यानं चेष्टा केली आन् ती खरंच बसली.

भात काढून झाल्यावर मोकळ्या खाचरात ती शिकली. म्या बांधावर बसून बघायची. पयल्या दिवशी तिनं बांधालाच धडक दिली आन् खाली उतरून बांधालाच शिव्या दिल्या. मला हसू आवरंना. पण पोरगी चिवट. लायसन काढलं, आन् गोरख गुजरातच्या ट्रेलरवर लागून सणासुदीला उगवायला लागला, तवर हिनं भोरात कॉलेजच्या रस्त्याला पिठलं-भाकरीचं मांडलं सुद्धा. सकाळी लवकर उठायचं, नाचणीच्या आन् तांदळाच्या भाकरी थापायच्या, पातेली, शेगडी, पाण्याचे कॅन हौद्यात टाकायचे आन् निघायचं. एस्टीनं हे जमत न्हाई. एस्टी आमच्याकडं तिच्या मर्जीनं येती, आन् एवढा बारदाना घेऊन कंडक्टर चढू देईल व्हय?

तिचं ते जाणं म्या रोज दारातनं बघायची. खोटं कशाला सांगू, हेवा वाटायचा. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, एक हात स्टेरिंगवर, मान मागं वळवून गाडी बोळातनं अशी काढायची की भिंतीला खरचटा न्हाई. घरात तोंडातनं शब्द न काढणारी बाई, गाडीत बसली की गाणं म्हणायची.

आता आमचं अंगण सांगते, न्हाईतर पुढलं कळायचं न्हाई. तीन घरं, एक अंगण. समोर आबांचं, डाव्या अंगाला माझं, उजव्या अंगाला सुलक्षणाचं. आबा म्हंजे गेनबा, आमच्या नवऱ्यांचे चुलते. सासरे लवकर गेले, तवापासून घराचं सगळं आबा बघत्यात. आत यायला एकच बोळ, दोन्हीकडं दगडी गडगं. मधी तुळस, कडंला पेंढ्याची उडवी. गाडी आत येती ती नाकासमोर, वळवायला जागा न्हाई, म्हणून जाताना मागं-मागंच जावं लागतं.

आन् गेल्या पावसाळ्यानंतर गाडीचा रिवस गेला.

एका सकाळी तिनं दांडी ओढली, इंजिन बोंबललं, गाडी जागची हलली न्हाई. पुढचा गेर पडतोय, मागचा पडंना. म्हंजे आली तर येणार, पण जाणार कशी? रस्त्यावर लावायची, म्हणाल. लावली की! दुसऱ्या दिवशी बघतो तर बॅटरी गायब. मग आबांनीच सांगितलं, घरची गाडी घरात लावा, ढकलायला आमी मेलोय का?

आबा वाईट माणूस न्हाई, हे आधीच सांगते. कुणाच्या घरात आजारपण आलं तर आबा पयले. रिवस गेला त्या दिवशी बी त्यांनीच हाक दिली. आमचे हे धावले, शेजारची दोघं-तिघं आली, सगळ्यांनी जोर लावून गाडी बोळातनं रस्त्याला काढून दिली. सुलक्षणा हात जोडून म्हणली, लई उपकार झाले. म्या बी म्हटलं, भावकी असावी तर अशी.

मग ते रोजचं झालं.

रोज म्हंजे रोज. ती भाकरी बांधून, पातेली चढवून केबिनशी उभी. आबा ओट्यावर चहा पीत बसलेले. ते उठल्याशिवाय कुणी गाडीला हात लावायचा न्हाई. असं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण तसंच होत गेलं.

"कुठं?" आबा विचारायचे.

"भोरला, आबा. रोजचंच."

"परत कवा?"

"दुपारी."

"येताना माझ्या तपकिरीचं बघ. आन् त्या पंचायतीच्या माणसाला सांग, आबांनी बोलावलंय."

मग चहा संपायचा. मग गाडी निघायची. कधी म्हणायचे, "थांब जरा, धनाजीला धार काढू दे." धनाजी म्हंजे आमचे हे. कधी म्हणायचे, "आज भोरला कशाला? काल तर गेल्तीस." ढकलणार न्हाई, असं कुणीच म्हणायचं न्हाई, हेच तर दुखणं. न्हाई म्हणलं असतं तर भांडता आलं असतं. चांगुलपणाशी कसं भांडायचं? सुलक्षणा खाली मान घालून उभी राहायची आन् भाकरी निवून जायच्या. 

तिनं गोरखला फोन लावला. म्या शेजारीच होते. तिकडनं तो म्हणतो, "आबा हायत, धनाजीदादा हाय. चार माणसं दारात असताना तुला कसली अडचण?"

"मला रोज परवानगी काढावी लागती."

"परवानगी कसली? हाक मारायची, गाडी ढकलून घ्यायची. तू बी ना!"

तिनं फोन ठेवला आन् पिठाचा हात तसाच भिंतीला पुसला. म्या म्हटलं, मुडदा बशिवला ह्याचा, ह्याला एक दिवस त्या ट्रेलरमधी कोंडून बाहेरनं कडी लावली पायजे. तवा ती हसली. त्या महिन्यात तिला हसताना तेवढंच बघितलं.

आन् मग अमुशा आली. आबा ओट्यावरनं उठलेच न्हाईत. म्हणले, "आज अमुशा हाय. आज गाडी बाहेर काढायची न्हाई." आधी किती अमुशा आल्या आन् गेल्या, ही गाडी भोरला जाऊन आलीच की! पण आबा म्हणले म्हटल्यावर आमचे हे मिठाची गुळणी धरून गोठ्यात गेले. बाकीचे बी पांगले. सुलक्षणा केबिनमधी जाऊन बसली. काच वर केली. बराच वेळ तशीच बसली, दोन्ही हात स्टेरिंगवर ठेवून, समोर आबांच्या घराची भिंत. मग उतरली आन् पाटीभर भाकरी माझ्या म्हशीच्या गव्हाणीत नेऊन टाकल्या. मला म्हणली, "ताई, मला ह्या अंगणात मरायचं न्हाई."



दुसऱ्या दिवशी ती भोरातल्या स्वरूप मेकॅनिककडं गेली. पोरगा शिकलेला, ह्या क्लच नसलेल्या गाड्या त्याला कळायच्या. त्यानं इंजिनातनं एक लांब काडी काढली, टोकाचं तेल बोटावर घेतलं, हुंगलं आन् तोंड वाकडं केलं. गेरच्या पेटीत म्हणं निराळं तेल असतं, तेच आत दाब धरून गेर पाडतं. ते जळलेलं. जल्मात कुणी बदललेलं न्हाई.

"मग बदल की," सुलक्षणा म्हणली.

"बदलतो. पण दोन्ही सांगतो, वहिनी. नवीन तेलानं रिव्हर्स परत येईल, असं होऊ शकतं. आणि असंही होतं की जुन्या पेटीत तो गाळच कसाबसा पकड धरून असतो. तेल बदललं की पुढचा गेर पण जातो. मग गाडी भंगारात. त्यापेक्षा आहे तशी वापरा. ढकलायला माणसं आहेत ना?"

परत तेच! ती म्हणली, "तू बदल." तर हा म्हणतो, घरच्या कुणाला तरी घेऊन या. उद्या गाडी बंद पडली तर माझ्या नावानं ओरडा नको.

"म्या कुठल्या घरची हाय मग?"

तो ओशाळला, पण ऐकंना. आता घरचा माणूस म्हंजे कोण, तर आबा, न्हाईतर आमचे हे. दोघंबी म्हणणार, कशाला खाजवून खरूज काढायची. संध्याकाळी सुलक्षणा माझ्या चुलीपाशी येऊन बसली. म्हणली, "ताई, तू चल. तू घरचीच हायस."

म्या? मला भोरला जायचं म्हटलं की आठ दिवस आधी विषय काढावा लागतो. शेवटी म्या दाढ दुखायला लावली. रात्रभर कण्हले, सकाळी गाल धरून अंगणात उभी. आबा म्हणले, लवंग धर. म्या म्हटलं, लवंगानं काय होईना आबा, जीव चाललाय. आमच्या ह्यांनी मला गाडीत बसवलं आन् बिचाऱ्यांनी जोर लावून गाडी ढकलली. धरणाच्या वळणापातूर म्या गाल सोडला न्हाई. मग दोघी इतक्या हसलो, इतक्या हसलो, की सुलक्षणाला गाडी कडंला घ्यावी लागली.

स्वरूपनं माझ्याकडं बघितलं. "ह्या कोण?"

"घरच्या हायत," सुलक्षणा म्हणली. म्या पदर खोचून म्हटलं, "थोरली जाऊ हाय म्या. काढ तुझं तेल, आन् काय झालं तर माझं नाव घे."

गाडी वर चढवली. खालचा बोल्ट सोडला तशी घमेल्यात धार पडली, काळीकुट्ट, आन् वास असा की चुलीवर काय तरी करपून गेलंय. सुलक्षणा त्या धारेकडं डोळं लावून उभी. तिच्या ओठातनं नाव चाललं होतं, कुठल्या देवाचं ते म्या विचारलं न्हाई. स्वरूपनं खालचं पसरट भांडं सोडवून आणलं. त्यात एक लोहचुंबक होता, त्याला बारीक पोलादी चुरा केसासारखा चिकटलेला.

"घाटात गाडी बंद करून उतारानं सोडायचं का कोण?" त्यानं विचारलं.

सुलक्षणा गप. म्या काय गप बसणार! म्हटलं, "आमचा दीर. डिझेल वाचवायचा. वेल्ह्याकडल्या पाबे घाटातनं इंजिन बंद करून खालपातूर यायचा आन् वर मिशीला पीळ भरायचा."

"सगळेच करतात. ब्रेकच्या दृष्टीनं कुठल्याच गाडीला ते चांगलं नाही, पण हिला तर विषच. इंजिन बंद झालं की तेलाचा पंप बंद. चाकं पळतायत, आणि आत सगळं कोरडं घासतंय."

बघा म्हंजे. गाडी बायकांची, डोस्कं न लागणारी, आन् तिचा जीव घेतला कुणी? लई संताप आला मला. गोरख समोर असता तर ते घमेलं त्याच्या डोक्यावरच ओतलं असतं.

स्वरूपनं भांडं रॉकेलनं धुतलं, आतली जाळी नवीन घातली, भांडं परत आवळलं. मग काडीच्या भोकातनं नरसाळ्यानं नवीन तेल सोडलं. लालबुंद, कोकमाच्या सरबतासारखं. जेवढं निघालं तेवढंच घातलं. गाडी चालू केली आन् ब्रेकवर पाय ठेवून दांडी प्रत्येक घरात हळूहळू फिरवली. काडी परत बघितली. मग सुलक्षणाला म्हणला, "बसा. आधी पुढं."

पुढं गेली. आमी दोघींनी श्वास सोडला.

"आता मागं."

तिनं दांडी ओढली. काय न्हाई. इंजिन नुसतं गुरगुरलं.  आन् एकाएकी गाडीनं हिसका दिला आन् हातभर मागं सरकली, परत थांबली.

स्वरूप म्हणला, एका वेळी निम्मंच तेल निघतं, बाकीचं आत अडकून राहतं. पंधरा दिवस चालवा, परत या, परत बदलू. खात्री देत नाही.

ते पंधरा दिवस कसे गेले आमचं आमाला ठाऊक. जीव नुसता टांगणीला. रोज गाडी ढकलणं चालूच. एकदा तिनं सगळ्यांसमोर दांडी ओढून बघितली, गाडी अंगणातच धडपडली आन् थांबली. आबा हसले. म्हणले, "तेल घाल की. फोडणी देऊन बघ आता." सगळे हसले. आमचे हे बी हसले. म्या त्या रात्री ह्यांच्या ताटात नुसता भात वाढला, कालवण न्हाई.

दुसऱ्या खेपेला बी म्या दाढ धरूनच गेले. घमेल्यात तेल पडलं ते तपकिरी, पयल्यासारखं काळं नव्हतं. नवीन भरलं. दांडी ओढली, गाडीनं क्षणभर विचार केल्यागत केलं, आन् मग गॅरेजच्या दारापातूर मागं-मागं गेली. सरळ, न थांबता. सुलक्षणानं स्टेरिंगवर डोकं टेकलं आन् हमसून हमसून रडली. स्वरूप घाबरला, म्हणला, अहो वहिनी, झालं की! म्या म्हटलं, तू गप रे, तुला न्हाई कळायचं.

घरी कुणालाच सांगितलं न्हाई. दुसऱ्या सकाळी माणसं बाह्या सरसावून उभी, आबांचा चहा अर्धा. सुलक्षणा गाडीत बसली, कुणाला हाक न्हाई, काय न्हाई, मान मागं वळवली आन् गाडी बोळातनं बाहेर. गेली सुद्धा! म्या टाळ्या वाजवायच्याच राहिले.  आमचे हे म्हणले, "सांगायचं तरी हिनं." आबा म्हणले, "बरं झालं, आमची सुटका झाली." पण कप त्यांनी असा आपटला की त्याचा कानच मोडला.

त्याच दिवशी दुपारी उडवीमागं पडलेला जुना बैलगाडा बाहेर निघाला. बैल विकून जमाना झालेला, गाडा नुसता वाळवी खात होता. तो ओढून आबांनी बरोबर बोळाच्या तोंडाशी आणून उभा केला. ऊन खाऊ दे म्हणले, लाकूड दमट झालंय. पिकअप तवा भोरातनं येऊन आत उभी. आमच्या ह्यांनी बी गाड्याला हात लावला, हे म्या ह्या डोळ्यांनी बघितलं.

सकाळी सुलक्षणा पातेली घेऊन बाहेर आली आन् जागच्या जागी थबकली. आबा गाड्याच्या जुवावर बसलेले, हातात चहा. जुवावर माणूस बसल्यावर गाडा हलतोय कसला!

"आबा, गाडी काढायची हाय," ती म्हणली.

"काढ की. आता तुला कुणाची गरज न्हाई."

"गाडा मधी हाय."

"मग तसं म्हण. आबा, गाडा काढा, म्हण. विचारायला काय तोंड झिजतं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी बी नव्हतं, काहीच नव्हतं. नवीन तेल, नवीन जाळी, पडता गेर, सगळं असून ती परत त्याच जागी उभी. मला कळून चुकलं, ती आता विचारणार. विचारलं की आबा उठतील, हसत उठतील, आन् उद्या परत बसतील. म्या पुढं व्हावं म्हटलं, पण आमचे हे समोर उभे होते.

तवर आबांच्या दारातनं आत्याबाई बाहेर आल्या. धोंडाबाई, आबांची बायको. ह्या बाईचा आवाज आमी भाकरी वाढतानाच काय तो ऐकलेला. पायात वहाणा, अंगावर धुवट लुगडं, हातात पिशवी. सरळ आबांपुढं येऊन उभ्या राहिल्या.

"उठा," त्या म्हणल्या.

आबांना वाटलं चहाचा कप न्यायला आली. कप पुढं केला. आत्याबाईंनी घेतला न्हाई.

"उठा म्हणते. मला वेल्ह्याला जायचंय."

"वेल्ह्याला? आता कोण हाय तुझं तितं?"

"आता कुणी न्हाई. भाऊ होता." आत्याबाईंचा आवाज चढला न्हाई, पण अंगणातल्या सगळ्यांना ऐकू गेला. "तो गेला तवा म्या अशीच हितं उभी होते. जाऊ का म्हणून विचारलं, तुमी म्हणला भात लावून झाल्यावर बघू. भात लावून झालं. त्याची राख बी गार झाली. तवापासून म्या तुमाला काय विचारलेलं न्हाई. आज बी विचारत न्हाई. उठा."

आबांनी कप खाली ठेवला. मग ते उठले. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. आत्याबाईंनी जू धरलं. तिकडनं म्या धरलं, कधी गेले मला कळलं बी न्हाई. आमचे हे पुढं आले, म्या म्हटलं, ऱ्हाऊ द्या. दोघींनी गाडा कडंला लोटला.

आत्याबाई केबिनमधी चढल्या. पिशवी मांडीवर घेतली.

"आधी भोरला भाकरी विकू, आत्याबाई," सुलक्षणा म्हणली, "मग तसंच नसरापूरवरनं वेल्ह्याला."

"तुला कसं जायचं तसं जा," आत्याबाई म्हणल्या.

सुलक्षणानं दांडी ओढली. गाडी रिवसमधी निघाली की आतल्या माणसाचं तोंड घराकडंच असतं. आत्याबाई समोरच्या काचेतनं आबांकडं बघत बघत बोळातनं बाहेर गेल्या. आबा हात वर करून काय तरी म्हणले, परत कवा येणार असंच असंल. काच वर होती, आत ऐकू गेलं न्हाई.